एचआरटीने बीपी वाढतं का? गोळी, पॅच आणि मधलं लिव्हर

माझी मावशी पंचवीस वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहते. एकावन्नाव्या वर्षी तिची पाळी गेली आणि त्याच वर्षी तिला बीपीची गोळी सुरू झाली. रात्री तीन-तीनदा उठून ती खिडकी उघडायची, तीही जानेवारीत. काका बिचारे दोन रजया घेऊन झोपायचे. ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना मानेपासून वर गरम वाफ चढायची, चेहरा लाल व्हायचा आणि बोलता बोलता शब्द आठवेनासे व्हायचे. शेवटी ती डॉक्टरकडे गेली आणि एचआरटीबद्दल विचारलं. उत्तर एका वाक्यात मिळालं: तुम्हाला बीपी आहे, त्यामुळे तुम्हाला ती देता येणार नाही.

मावशी घरी आली आणि पुढची दोन वर्षं तिने तशीच काढली. आपल्याकडच्या बायका जशा काढतात तशी, कुणाला फारसं न सांगता.

रजोनिवृत्तीवरच्या आमच्या एपिसोडनंतर तुमच्याकडून जे प्रश्न आले, त्यात हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. आईला बीपी आहे, तिने एचआरटी घ्यावी का? एचआरटी घेतली की बीपी वाढतं म्हणतात, खरं का? आई आधीच घेतेय, आता बंद करायला सांगू का? एपिसोडमध्ये याला पाचच मिनिटं मिळाली होती, म्हणून हा लेख.

थोडक्यात उत्तर आधीच सांगून टाकते. एचआरटी नावाचं एकच औषध नाही, त्यामुळे बीपीवर तिचा एकच परिणामही नाही. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळीने काही बायकांचं बीपी थोडं वाढू शकतं. त्वचेवर लावायच्या पॅचने किंवा जेलने ते सहसा वाढत नाही. हा फरक कुठून येतो, हे एकदा नीट कळलं की पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

(एचआरटी हा शब्द ट्रान्स व्यक्तींच्या हार्मोन उपचारांसाठीही वापरतात. त्यात औषधं, डोस आणि हेतू वेगळे असतात. हा लेख फक्त रजोनिवृत्तीसाठीच्या एचआरटीबद्दल आहे.)

दोन गोष्टी एकाच वयात येतात

पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय ब्रिटन-अमेरिकेत ५१च्या आसपास आहे. भारतातल्या पाहण्यांमध्ये ते ४६-४७च्या आसपास येतं. म्हणजे तुम्ही पंचविशीत असाल, तर तुमची आई बहुधा याच टप्प्यात आहे किंवा नुकतीच त्यातून गेली आहे. तिने तुम्हाला सांगितलं नसेल, ही गोष्ट वेगळी.

इस्ट्रोजेन फक्त पाळीपुरतं नसतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. इस्ट्रोजेनमुळे हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त तयार करतो. त्याने रक्तवाहिनीचे स्नायू सैल पडतात, नळी थोडी रुंद होते आणि दाब कमी राहतो. पाळी जाताना अंडाशयातलं इस्ट्रोजेन झपाट्याने कमी होतं आणि हा आधार सुटतो. त्यात वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, वजन कमरेभोवती साठतं, झोप तुटते. तरुणपणी बायकांचं बीपी पुरुषांपेक्षा कमी असतं. साठी-पासष्टीपर्यंत ते त्यांना गाठतं आणि पुढे मागेही टाकतं.

म्हणजे ज्या वयात गरम वाफा सुरू होतात, त्याच वयात बीपीही वर जायला लागतं. मग पन्नाशीच्या बाईने एचआरटी सुरू केली आणि सहा महिन्यांनी बीपी वाढलेलं दिसलं, तर दोष कुणाचा? कदाचित गोळीचा. कदाचित नुसत्या वयाचा. एका बाईकडे बघून हे सांगता येत नाही. त्यासाठी हजारो बायकांचे अभ्यास लागतात. त्याकडे वळण्याआधी हे औषध नेमकं काय आहे, ते पाहू.

पाकिटात काय असतं?

एचआरटीचा मुख्य घटक इस्ट्रोजेन. वाफा, घाम, तुटलेली झोप, कोरडेपणा यांवर काम करतं ते हेच. पण नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यात कर्करोग होण्याचा धोका वाढतो. १९७५ साली अमेरिकेत हे स्पष्ट झालं. म्हणून गर्भाशय असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं काम करणारं कृत्रिम औषध देतात. गर्भाशय काढलेलं असेल, तर बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं.

इस्ट्रोजेन दोन प्रकारचं मिळतं. एक जुनं, गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं. प्रेमारिन या नावाने ते अमेरिकेत १९४२ पासून विकलं जातं. दुसरं इस्ट्राडायॉल, म्हणजे बाईच्या अंडाशयात तयार होतं अगदी तेच. आणि ते शरीरात नेण्याचे रस्ते अनेक: गोळी, कातडीवर चिकटवायचा पॅच, हातावर किंवा मांडीवर चोळायचं जेल, स्प्रे. योनीत लावायचं क्रीम किंवा तिथे ठेवायची छोटी गोळीही असते, पण तिचा डोस इतका कमी की रक्तात जवळपास काही जात नाही. तिचं काम तिथल्या तिथे.

आता "एचआरटीने बीपी वाढतं" हे वाक्य पुन्हा वाचा. यातली कुठली एचआरटी?

गोळीला टोल नाका लागतो

आपण जे गिळतो ते पोटातून आतड्यात जातं आणि आतड्यातून रक्तात. पण हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आधी ते सगळं लिव्हरमध्ये जातं. मुंबईहून पुण्याला एक्सप्रेसवेने निघालात की टोल नाका चुकत नाही, तसंच. लिव्हर येणारा प्रत्येक पदार्थ तपासतं, त्यातला बराचसा मोडून टाकतं आणि उरलेला पुढे सोडतं.

म्हणूनच गोळीत इस्ट्रोजेन भरपूर भरावं लागतं. नेहमीच्या गोळीत १ ते २ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल असतं. साधारण तेवढंच काम करणारा पॅच दिवसाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम सोडतो. म्हणजे गोळीतून ४० पट जास्त द्यावं लागतं, कारण वाटेत आतडं आणि लिव्हर बहुतेक सगळं खाऊन टाकतात.

पण खाताना लिव्हर गप्प बसत नाही. एकदम एवढं इस्ट्रोजेन समोर आल्यावर ते काही प्रथिनं जास्त बनवायला लागतं. त्यातलं एक आपल्या विषयाचं आहे, अँजिओटेन्सिनोजेन. नाव लांबलचक आहे, पण गोष्ट सोपी आहे. हे प्रथिन म्हणजे कच्चा माल. मूत्रपिंडातून येणारं रेनिन त्याचा एक तुकडा तोडतं, मग दुसरं एक एन्झाइम आणखी एक तुकडा तोडतं, आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-२. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. दोन्हींनी बीपी वाढतं.

ही साखळी तुमच्या घरात आधीच ओळखीची आहे. आईच्या बीपीच्या गोळीचं नाव "प्रिल"ने संपतं का? रामिप्रिल, एनालाप्रिल? किंवा "सार्टन"ने? टेल्मिसार्टन, लोसार्टन? या गोळ्या याच साखळीची एक एक कडी अडवतात. म्हणजे एका हाताने आपण साखळी अडवतोय आणि दुसऱ्या हाताने तिला कच्चा माल पुरवतोय, असं होऊ शकतं.

"होऊ शकतं" असं म्हटलं, कारण बहुतेक बायकांचं शरीर हे सांभाळून घेतं. कच्चा माल वाढला की मूत्रपिंड रेनिन कमी सोडतं आणि हिशोब जुळतो. काही जणींच्यात तो पूर्ण जुळत नाही. त्यांचं बीपी वाढतं.

पॅच आणि जेल हा बायपास आहे. कातडीतून इस्ट्रोजेन थेट सगळीकडे फिरणाऱ्या रक्तात जातं. लिव्हरपर्यंत तेही पोचतं, पण थोडं थोडं, इतर अवयवांना मिळतं तेवढंच. टोल नाक्यावर एकदम गर्दी होत नाही, म्हणून कच्चा मालही फारसा वाढत नाही. याच कारणाने रक्ताच्या गुठळ्यांचाही प्रश्न वेगळा होतो. गोठण्याची प्रथिनं लिव्हरमध्येच बनतात. गोळीने गुठळीचा धोका वाढतो, तर नेहमीच्या डोसच्या पॅच-जेलने तो वाढलेला दिसत नाही.

प्रोजेस्टेरॉनच्या बाजूलाही असाच फरक आहे. शरीरातल्यासारखंच असलेलं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन मीठ बाहेर टाकायला थोडी मदतच करतं. बीपीच्या दृष्टीने ते त्रासदायक मानलं जात नाही. जुन्या कृत्रिम प्रकारांबद्दल सरसकट तसं म्हणता येत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच सोडवू. गर्भनिरोधक गोळीने बीपी वाढतं, हे १९६०च्या दशकापासून माहीत आहे आणि ते खरं आहे. पण त्या गोळीत बहुधा एथिनिल इस्ट्राडायॉल असतं. हे कृत्रिम इस्ट्रोजेन लिव्हरमध्ये सहजी मोडत नाही आणि तिथे फार जोरात काम करतं. एचआरटीतलं इस्ट्राडायॉल त्यामानाने सौम्य आहे. "हार्मोनच्या गोळ्यांनी बीपी वाढतं" हे एका गोळीबद्दलचं ज्ञान दुसरीला चिकटवलं गेलं. ते काही अंशी डॉक्टरांच्या मनातही राहिलं आहे.

अभ्यास काय सांगतात?

आता आकडे. तीनच अभ्यास घेऊ.

पहिला, १९९५ सालचा पेपी नावाचा अमेरिकन प्रयोग. ४५ ते ६४ वयाच्या ८७५ निरोगी बायका, तीन वर्षं, वेगवेगळ्या प्रकारची तोंडाने घ्यायची एचआरटी किंवा नुसती साखरेची गोळी. बीपीत लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही.

दुसरा, प्रचंड मोठा आणि बदनाम झालेला: विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्याच्या एका भागात १६,६०८ बायका होत्या. निम्म्यांना घोडीच्या मूत्रातलं इस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, दोन्ही गोळीतून. दोन वर्षांनंतर त्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १.५ अंकांनी जास्त होतं. खालच्यात फरक नव्हता. दीड अंक म्हणजे किती? जिना चढून आलात की यापेक्षा कितीतरी जास्त वाढतं. पण सरासरी फसवी असते, हेही लक्षात ठेवा. हजारो जणींची सरासरी दीड असू शकते आणि त्यातल्या काही थोड्या जणींचं दहा-पंधराने वाढलेलं असू शकतं.

तिसरा कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातला, २०२३ साली प्रसिद्ध झालेला. यात ४५ वर्षांवरच्या, फक्त इस्ट्रोजेनची एचआरटी घेणाऱ्या १,१२,२४० बायकांच्या नोंदी तपासल्या. गोळी घेणाऱ्यांमध्ये नव्याने उच्च रक्तदाब होण्याचं प्रमाण पॅच-जेलवाल्यांपेक्षा १४ टक्क्यांनी जास्त होतं आणि योनीत लावायचं औषध घेणाऱ्यांपेक्षा १९ टक्क्यांनी. घोडीच्या मूत्रातलं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये ते इस्ट्राडायॉलवाल्यांपेक्षा ८ टक्क्यांनी जास्त होतं.

१४ टक्के ऐकून घाबरू नका. समजा, पॅच लावणाऱ्या १०० बायकांपैकी १० जणींना काही वर्षांत बीपी सुरू होणार असेल, तर गोळी घेणाऱ्या १०० जणींत ते अकरा-साडेअकरा जणींना होईल. (हे १० मी उदाहरणापुरते घेतले आहेत.) शिवाय हा नोंदींचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. गोळी घेणाऱ्या आणि पॅच लावणाऱ्या बायका इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. पण लिव्हरची जी गोष्ट आपण वर पाहिली, तिच्याशी हे निकाल जुळतात. म्हणून त्यांना वजन आहे.

मग एवढी भीती आली कुठून?

जुलै २००२ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचा तो भाग मध्येच थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसातल्या गुठळ्या हे सगळं एचआरटी गटात जास्त निघालं होतं. जगभर मथळे झाले. लाखो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या आणि डॉक्टरांनी लिहून देणं थांबवलं.

आकडे खोटे नव्हते, पण त्यांचा अर्थ अर्धवट पोचला. दर १०,००० बायकांमागे वर्षाला पक्षाघाताच्या ८ जास्त घटना, स्तनाच्या कर्करोगाच्या ८, हृदयविकाराच्या ७. आणि नितंबाची हाडं मोडण्याच्या ५ कमी. दुसरं म्हणजे, या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटली होती. गरम वाफांनी हैराण झालेली ५० वर्षांची बाई आणि ६३ वर्षांची बाई यांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात. तिसरं, सगळ्यांना एकच गोळी होती. पॅच या प्रयोगात नव्हताच.

नंतरच्या वर्षांत चित्र सुधारत गेलं. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील किंवा वय साठीच्या आत असेल आणि त्रास खरोखर होत असेल, तर बहुतेकींसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त, असं आता मानलं जातं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना २०१५ साली आली. अमेरिकेत नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने एचआरटीच्या पाकिटावरचे हृदयविकार आणि स्तनाच्या कर्करोगाबद्दलचे ठळक इशारे काढण्याची घोषणा केली. पण भीती सूचनांपेक्षा जास्त टिकते. २००२ साली शिकलेला डॉक्टर आज पन्नाशीत आहे आणि तेव्हा पेपर वाचणारी बाईही.

बीपी असलेल्या बाईने काय करावं?

उच्च रक्तदाब असणं म्हणजे एचआरटीला बंदी नव्हे. मावशीला जे सांगितलं गेलं ते या बाबतीत चूक होतं. बीपी औषधाने ताब्यात असेल, तर एचआरटी देता येते आणि अशा वेळी पॅच किंवा जेलला पसंती देतात. बीपी खूप वाढलेलं आणि बेताबाहेर असेल, तर आधी ते खाली आणायचं आणि मग सुरू करायचं. क्रम बदलतो, दार बंद होत नाही.

दार खरोखर बंद असतं किंवा तज्ज्ञाला विचारल्याशिवाय उघडू नये, अशा गोष्टी वेगळ्या आहेत: स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, लिव्हरचा चालू आजार, किंवा पाळी गेल्यावर कारण न कळलेला रक्तस्राव.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. एचआरटी हे बीपीचं औषध नाही. पॅच लावला म्हणून टेल्मिसार्टन बंद करायची नसते. आणि त्रास काहीच नसताना केवळ हृदय जपायला म्हणून एचआरटी घेत नाहीत. सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी आणि मग दर वर्षी तपासणी व्हायला हवी, आणि तीत बीपी मोजलं गेलंच पाहिजे. आई भारतात असेल आणि एकदा लिहून दिलेली गोळी मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणत असेल, तर हे जास्तच लागू.

ज्यांची पाळी चाळिशीच्या आत गेली, त्यांचा विचार वेगळा होतो. त्यांना इस्ट्रोजेन न मिळणं हाच हाडांना आणि हृदयाला धोका असतो. त्यांना नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यायला सुचवतात. त्यासाठी एचआरटी किंवा गर्भनिरोधक गोळी दोन्ही चालतात, पण बीपीच्या दृष्टीने एचआरटी जास्त बरी असू शकते, असं नाइसची सूचना म्हणते. आपल्याकडे हा मुद्दा लहान नाही. "पिशवी काढली" हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणा ना कुणाबद्दल ऐकलेलं असतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची बातमी देशभर गाजली. कोवळ्या वयात त्यांची गर्भाशयं काढली गेली होती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. अनेकींना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी नीट मोजा

या सगळ्याचा पाया एका आकड्यावर आहे आणि तो आकडाच आपण चुकीचा घेतो. दवाखान्यात धापा टाकत पोचायचं, चहा पिऊन बसायचं, मुलीशी बोलता बोलता हात पुढे करायचा. असं मोजलेलं बीपी हमखास जास्त येतं.

घरचं मशीन घ्या, मनगटाचं नको, दंडाचं. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, शक्यतो सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. हा कागद घेऊन डॉक्टरकडे जायचं.

आकड्याचा अर्थ देशाप्रमाणे बदलतो. ब्रिटनमध्ये दवाखान्यात १४०/९० किंवा घरी १३५/८५ पासून उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० पासूनच. म्हणजे घरी सरासरी १३२/८२ येणारी आई लंडनमध्ये ठीक आणि न्यू जर्सीत आजारी! बहीण-भावात मोजमापांची तुलना करताना हे ध्यानात ठेवा. इंग्लंडमध्ये चाळिशीपुढच्या लोकांचं बीपी अनेक फार्मसींमध्ये फुकट मोजून मिळतं.

आणि सगळा दोष एचआरटीला देण्याआधी स्वयंपाकघर आणि औषधाचा डबा बघा. लोणचं, पापड, फरसाण. दिवसाला पाच ग्रॅम मीठ ही मर्यादा पापडाच्या दोन जेवणांत सहज ओलांडली जाते. गुडघे दुखतात म्हणून रोज घेतली जाणारी आयबुप्रोफेन बीपी वाढवते. सर्दीच्या काही गोळ्याही. आणि एक न सुचणारी गोष्ट, ज्येष्ठमध. घसा बसला की आपण ते चघळतो, काही आयुर्वेदिक काढ्यांत आणि हर्बल चहात ते असतं. रोज भरपूर घेतलं, तर शरीरात मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि बीपी चांगलंच वाढवतं. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" या वाक्याला हे सरळ उत्तर आहे.

हे आईला कसं विचारायचं?

इथे तुमचं काम सुरू होतं. परदेशात वाढलेली आपली पिढी घरातली दुभाषी असते. बँकेचं पत्र, व्हिसाचा फॉर्म आणि आता हे. फरक एवढाच, की फॉर्म आई स्वतःहून हातात देते आणि हे देत नाही.

"आई, तुला मेनोपॉज सुरू झालाय का?" असं विचारलंत तर "काही नाही गं, वयाचं आहे" असं उत्तर येईल. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा. रात्री झोप लागते का? अंगातून वाफा निघतात का? पाळी कधी गेली? पिशवी काढली तेव्हा अंडाशयंही काढली होती का, त्याचे कागद आहेत का? मी पोटात असताना तुझं बीपी वाढलं होतं का? हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायकांना पुढे उच्च रक्तदाबाचा धोका जास्त असतो, आणि डॉक्टर हे विचारायला विसरतात. मुलग्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे. आईचं बीपी मोजून देताना या गप्पा जितक्या सहज होतात तितक्या एरवी होत नाहीत.

डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी न्या: आठवड्याचं बीपी, सगळ्या औषधांची यादी (काढे, चूर्णं, दुखण्याच्या गोळ्या धरून) आणि त्रासाचं दोन ओळींत वर्णन. आणि एक प्रश्न: "बीपी आहे म्हणून गोळी नको असेल, तर पॅच किंवा जेल चालेल का?" नाही म्हटलं, तर कारण विचारा. ते वर दिलेल्या यादीतलं असू शकतं आणि मग ते मान्य करायला हवं. पण नुसतं "बीपी आहे" हे पुरेसं कारण नाही. आईला मुलांसमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर एनएचएसमध्ये दुभाषी मोफत मिळतो आणि बाई दुभाषी मागता येते. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल.

खर्चाची काळजी असेल तर, इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून एचआरटीसाठी वर्षाचं एकच प्रीपेमेंट सर्टिफिकेट मिळतं. प्रत्येक पाकिटाला वेगळे पैसे पडत नाहीत. पॅच आणि प्रोजेस्टेरॉन अशा दोन वस्तू लागणाऱ्या बाईला याचा चांगला उपयोग होतो.

हा लेख म्हणजे डॉक्टरचा सल्ला नव्हे. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, आणि तिच्यासाठी काय योग्य ते तिने आणि तिच्या डॉक्टरने मिळूनच ठरवायचं आहे. पण योग्य प्रश्न माहीत असेल तर ते ठरवणं सोपं जातं.

मावशीचं पुढे काय झालं? मी तिला वरचा लिव्हरचा भाग कागदावर काढून दाखवला, टोल नाक्यासकट. आठवडाभर बीपी मोजून ती त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. आता आठवड्यातून दोनदा पॅच बदलते आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल घेते. बीपीची गोळी चालूच आहे, आकडे पूर्वीइतकेच आहेत. परवा फोनवर तिला विचारलं, काय फरक वाटतो? म्हणाली, "झोपते गं. आणि काकांनी एक रजई कपाटात ठेवली."

मग जरा थांबून म्हणाली, "दोन वर्षं उगाच काढली."

तुमच्या घरात अशी दोन वर्षं कोण काढत असेल, तर या रविवारी फोनवर जेवणाआधी एवढंच विचारा: झोप लागते का तुला?